काळा इम्पाला, सोनेरी वाइल्डबीस्ट: एवढे दुर्मिळ तर मारू कसे देतात?

प्रवासी_पक्षी:
सध्या कामानिमित्त दक्षिण आफ्रिकेत प्रिटोरियात आहे. क्लायंटकडचा एक अमेरिकन जूनमध्ये लिंपोपो प्रांतातल्या गेम फार्मवर (रानटी जनावरं पाळलेलं खासगी रान) शिकारीला चाललाय आणि मला नुसता बघायला ये म्हणतोय (मी बंदुकीला हात लावणार नाहीये, हे आधीच सांगतो म्हणजे त्यावरून धागा पेटायला नको). त्याने प्राइस लिस्ट दाखवली, त्यात साधा इम्पाला (तिकडचं एक हरीण) अगदी स्वस्त आणि काळा इम्पाला, सोनेरी वाइल्डबीस्ट (बैलासारखं दिसणारं मोठं हरीण) यांची ट्रॉफी फी, म्हणजे जनावर मारल्याबद्दल द्यायचे पैसे, कित्येक पट. इतकी दुर्मिळ जनावरं असतील तर सरकार परवानगी कशी देतं? आणि तो म्हणतो याच पैशावर तिथलं वन्यजीवन टिकलंय, ते खरं का?

खडीसाखर:
अहो काळा इम्पाला म्हणजे इम्पालाच, जात वेगळी नाही, फक्त रंग वेगळा. तो रंग अप्रभावी जनुकामुळे येतो, म्हणजे आई आणि बाप दोघांकडून यायला हवा. एकाच बाजूने आला तर पिल्लू दिसायला साधंच, त्याला तिकडे 'स्प्लिट' म्हणतात आणि ब्रीडर लोक ते स्प्लिटसुद्धा विकायचे. मोकळ्या रानात असे रंग क्वचित दिसतात, सोनेरी वाइल्डबीस्ट मूळचे लिंपोपो नदीच्या, बोत्स्वानाच्या सीमेकडचे. आता ते कुंपणातल्या छोट्या कॅम्पमध्ये निवडून जोड्या लावून पैदा करतात. परवानगीचं म्हणाल तर 1991 च्या गेम थेफ्ट कायद्यानुसार पुरेसं कुंपण असल्याचं सर्टिफिकेट असेल तर आतलं जनावर फार्मवाल्याच्या मालकीचं. 2019 मध्ये तर तिथल्या कृषी खात्याने इम्पाला, स्प्रिंगबोक (हेही तिकडचं हरीणच) वगैरे जनावरं पशुधन सुधारणेच्या कायद्याच्या यादीत घातली, त्यावर बराच गदारोळ झाला.

बाजारभाव:
यातली खरी गंमत पैशाची आहे. 2012 ते 2014 च्या आसपास लिलावात एकेका नराला लाखो रँड (तिथलं चलन) मिळत होते, पण घेणारा कोण, तर दुसरा ब्रीडर. तो पिल्लं विकणार तिसऱ्या ब्रीडरला. शिकारी या साखळीत शेवटी येतो आणि एवढे पैसे मोजणारे शिकारी आणणार कुठून? जनावर दरवर्षी वितं, त्यामुळे दुर्मिळपणा चार-सहा वर्षांत संपला आणि 2016 नंतर भाव धाडकन आपटले. तुमच्या मित्राला जो काळा इम्पाला परवडतोय तो त्या पडझडीमुळेच परवडतोय, फार्मवाला त्याच्यावर उपकार करत नाहीये.

रानवेडा_७७:
सरसकट झोडपू नका हो. बाँटेबोक या हरणाच्या जातीची 1931 मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं तेव्हा जेमतेम 17 जनावरं उरली होती, आणि तोवर ती तगली ती शेतकऱ्यांनी आपल्या जमिनीवर राखल्यामुळे. गुरांची जमीन गेम फार्म झाली म्हणून तिथे आज हरणं दिसतात. शिकारीचा पैसा बंद करा, परत गुरं येतील.

खडीसाखर:
@रानवेडा_७७, ते मान्य, पण ते साध्या रंगाच्या जनावराच्या शिकारीनेही होतंच की. रंगासाठी लहान कॅम्प, जवळच्या नात्यात पैदास आणि महागडं पिल्लू जाऊ नये म्हणून कोल्हे, कॅराकल (एक रानमांजर), बिबटे मारणं, यात संवर्धन कुठे आलं? 2016 मध्ये आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेनेही अशा पैदाशीवर नियंत्रण हवं असा ठराव केला. रंगाचा जनावराला त्रासही होतो, काळा स्प्रिंगबोक उन्हाळ्यात जास्त तापतो आणि पांढऱ्याला थंडीत अंग गरम ठेवायला जास्त ऊर्जा लागते.

प्रवासी_पक्षी:
धन्यवाद मंडळी. म्हणजे रान वाचवायचं म्हणून कोणी काळाच मारायची गरज नाही तर. जायचंच झालं तर त्याला काय विचारू?

बाजारभाव:
कॅम्प किती हेक्टरचा आणि जनावर तिथे कधी सोडलं, हे विचारा. शिकारीच्या आदल्या आठवड्यात ट्रेलरमधून आणून सोडलं असेल तर ती शिकार कसली. गोळी लागून रक्त सांडलं आणि जनावर सापडलं नाही तरी पूर्ण ट्रॉफी फी भरावी लागते, हे त्याला माहीत असू दे. स्वतःची रायफल आणणार असेल तर तिथल्या पोलिसांचा सॅप्स 520 फॉर्म लागतो, आणि परदेशी माणूस असल्यामुळे लायसन्सवाला प्रोफेशनल हंटर सोबत हवाच.

अवांतर: नुसतं बघायला येणाऱ्यालाही रोजचा रेट लावतात, तो कोण भरणार ते आधी ठरवा!