मदत हवी आहे: एनआयबीआयबीच्या प्रशिक्षण अनुदानाबद्दल

नमस्कार मंडळी,
मी अमेरिकेत बायोइंजिनिअरिंगमध्ये पीएचडी करते आहे. विषय आहे एमआरआयचं स्कॅनिंग कमी वेळात उरकूनही प्रतिमा स्पष्ट कशी मिळवायची. लहान मुलांना त्या नळीत फार वेळ निश्चल झोपवणं अवघड, अनेकदा भूल द्यावी लागते. म्हणून हे काम मला मनापासून पुढे न्यायचं आहे.

आता पोस्टडॉकसाठी, म्हणजे पीएचडीनंतरच्या संशोधनासाठी, निधी शोधतेय. एनआयएच (अमेरिकी सरकारची आरोग्य संशोधन संस्था) हिच्या एनआयबीआयबी या वैद्यकीय इमेजिंग आणि बायोइंजिनिअरिंगच्या संस्थेची टी-३२ ही प्रशिक्षण अनुदानं विद्यापीठाला मिळतात आणि विद्यापीठ त्यातून उमेदवार निवडतं. पण त्यासाठी आणि एफ-३२ या वैयक्तिक पोस्टडॉक फेलोशिपसाठीही अमेरिकेचं नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड लागतं. मी विद्यार्थी व्हिसावर आहे. राहतं के-९९/आर-०० हे दोन टप्प्यांचं अनुदान: आधी मार्गदर्शकाच्या हाताखाली जास्तीत जास्त २ वर्षं, मग प्राध्यापकपद मिळालं तर स्वतंत्र संशोधनासाठी ३ वर्षांपर्यंत. ते व्हिसावरच्यांनाही खुलं आहे, मात्र अर्ज करताना पोस्टडॉकचा अनुभव ४ वर्षांहून जास्त नसावा.

इथे कुणी इमेजिंगमधून के-९९ मिळवलं आहे का? पोस्टडॉकच्या कितव्या वर्षी अर्ज केलात? आणि मुख्य म्हणजे, स्वतःचा विषय मार्गदर्शकाच्या कामापासून वेगळा कसा दाखवलात? माझं सगळं तिथेच अडतंय. प्रस्तावाचा आराखडा वाचून कुणी परखड मत दिलंत तर फार उपकार होतील.