‘ओढ’ की ‘ताण’? धनुष्य निवडताना अडलेला शब्द

खाडीकाठ
ठाण्यात आमच्याकडे तिरंदाजी शिकायला येणाऱ्या मुलांच्या पालकांसाठी, धनुष्य कसं निवडावं याचं एक पानाचं मराठी टिपण करतोय. गाडी अडली ती ‘ड्रॉ लेंग्थ’ (दोरी किती इंच मागे ओढली जाते) आणि ‘ड्रॉ वेट’वर (ती ओढायला किती पौंड जोर लागतो). पहिल्या खर्ड्यात दोन्हीकडे ‘ताण’च पडलं: ताण २८ इंच, ताण ४० पौंड.

या घोळाची किंमत आमच्या घरात मोजून झाली आहे. भाचा सहा फूट चार इंच. दोन्ही हात पसरले की बोटांच्या टोकापासून टोकापर्यंत ७८ इंच भरतो. त्याला अडीचने भागलं की ३१च्या वर जातं, म्हणजे हा साधारण ३१ इंच दोरी ओढणार. गेल्या वर्षी एका दुकानातून त्याच्यासाठी लाकडी पारंपरिक रिकर्व्ह (टोकं पुढे वळलेलं धनुष्य) घेतलं, ६० इंच लांबीचं. त्यावर ४० पौंड, २८ इंच असं लिहिलेलं. ‘ताण चाळीस, पोराला पेलेल,’ दुकानदार म्हणाला, आणि मी मान डोलावली. ते चाळीस पौंड २८ इंचांवरचे, पुढे इंचाला दोन-अडीच पौंड चढत जातात, हे मला कुणी सांगितलं नाही. पोराच्या हाती सत्तेचाळीसच्या आसपास येत होते. शेवटच्या दोन इंचांत तर धनुष्य दगड व्हायचं. दोरीचा कोन इतका अरुंद व्हायचा की बोटं एकमेकांवर चेपली जायची. अनामिकेच्या पेरावर महिनाभर काळा वळ होता.

म्हणून इंचांना ‘ओढ’ आणि पौंडांना ‘ताण’ असं कायमचं वेगळं करावं म्हणतोय. ‘तुझी ओढ ३१ इंच’ हे कानाला कसं वाटतं?

पाचपाखाडी
खटकतं. ओढ माहेराची असते, पंढरीची असते. ती इंचात कशी मोजायची? ‘खेच’ घ्या. गच्चीवर पतंग उडवताना खेच आणि ढील करतच मोठे झालो आपण.

नेरुळकर
खेच म्हटलं की हिसका डोळ्यासमोर येतो. धनुष्य हिसक्याने ओढत नाहीत. आणि ओढ फक्त मनाला नसते हो. ‘पाण्याला ओढ आहे, उतरू नको,’ असं आजी खाडीकाठी बजावायची. माझं मत ओढीला.

जांभळी नाका
संस्कृतात आयता शब्द असताना ही ओढाताण कशाला? ‘आकर्ण’ म्हणजे कानापर्यंत. ‘आकर्षण’ याचा मूळ अर्थही ओढणं हाच. ‘आकर्षलांबी’ करा, गोंधळ मिटला. आणि टिपणात ‘तिरंदाजी’ लिहू नका ही कळकळीची विनंती. फारसी शब्द आहे. आपल्याकडे ‘धनुर्विद्या’ आहे.

वागळे इस्टेट
मग गोलंदाजाला काय म्हणणार काका? तोही ‘अंदाज’वालाच. तोफखान्यात गोळे डागणारा तो गोलंदाज, आज क्रिकेटच्या मैदानावर आहे आणि कुणाला परका वाटत नाही. तिरंदाज त्याचाच भाऊ.

मी गॅरेजवाला आहे, म्हणून आणखी एक सांगतो. ‘कमान’ म्हणजे फारसीत धनुष्यच, आणि आमच्या ट्रकखाली कमानपाटे असतात. लांब पाटा मऊ चालतो. तोच आखूड केला तर थोडं दाबताच कडक होतो. भाच्याच्या धनुष्याचं हेच झालं. तेवढ्याच पौंडांचं, पण लांब धनुष्य शेवटपर्यंत सारखं चढलं असतं.

खाडीकाठ
अगदी हेच. ३१ इंचांच्या माणसाला ६६ किंवा ६८ इंची हवं. ऑलिंपिकच्या पद्धतीची मुलं २५ इंची मुठीच्या भागाला लांब पाती लावून ७० करतात.

जांभळी नाका काका, आकर्ण देखणा शब्द आहे, पण इथे तो चुकीचं माप देईल. आज दोरी हनुवटीखाली किंवा ओठांच्या कोपऱ्याशी येऊन थांबते. ती कानापर्यंत नेली तर आकडा दोन-तीन इंचांनी वाढेल. मोजण्याची रीतही ठरलेली आहे: पूर्ण ओढल्यावर मुठीच्या सर्वांत खोल भागापासून दोरीपर्यंत मोजायचं आणि त्यात पावणेदोन इंच मिळवायचे. हे पावणेदोन विसरल्यानेच निम्मे घोळ होतात.

कोपरखैरणेची मावशी
तुम्ही ‘पाती’ लिहिलंत, बरं वाटलं. माझ्या मुलीच्या क्लासमधून मेसेज आला होता, ‘लांब लिंब आणावेत.’ मी खरोखर भाजीवाल्याकडे थांबले. मग मुलीने सांगितलं, धनुष्याचे वरचे-खालचे दोन भाग. देवनागरीत ‘लिंब’ लिहायचं तर निदान कंसात अर्थ द्या.

पाचपाखाडी
मैदानावर सगळी मुलं लिंब आणि रायझरच (मुठीचा मधला भाग) म्हणतात. त्यांची भाषा त्यांना असू द्या. मराठी शब्द पालकांच्या कागदावर राहील, मैदानावर जाणार नाही.

जांभळी नाका
कागदावर राहिला तरी राहिला. तिथूनच उद्या मैदानावर जाईल.

ऐरोली गणित
थोडं विषयांतर. वर्तुळाची ‘जीवा’ सगळ्यांनी शाळेत काढली आहे. जीवा म्हणजे धनुष्याची दोरी, ‘ज्या’ म्हणजेही तेच. ‘चाप’ म्हणजे धनुष्य, तो आता बंदुकीला लागला. ही ‘जीवा’ अरबीत गेली, ‘जैब’ वाचली गेली, जैब म्हणजे वस्त्राचा खोलगट भाग म्हणून लॅटिनमध्ये ‘सायनस’ झाली, आणि त्रिकोणमितीतला साइन होऊन आपल्याकडे परत आली. धनुष्याचे निम्मे शब्द आपण रोज वापरतो, फक्त धनुष्यासाठी वापरत नाही.

आणखी एक, जुन्या मापांत एक ‘धनुष्य’ म्हणजे चार हात. आपल्या हाताने मोजलं तर ते साधारण आपल्या उंचीइतकंच भरतं.

शहापूर वाट
माझे वडील आश्रमशाळेत शिक्षक होते. तिथे एक म्हातारे कातकरी बाबा बांबूचा कामठा करून द्यायचे. मी सात-आठ वर्षांचा असेन. बाबा मागे उभे राहून माझं कोपर धरायचे, मी दोरी ओढायचो. पातं आखडायला लागलं की म्हणायचे, ‘थांब, कामठा नको म्हणतो.’ तुमच्या भाच्याचं धनुष्य शेवटच्या दोन इंचांत जे करायचं, त्याला दुसरा शब्द मला सुचत नाही.

मग ते बाबा माझा हात मोजून नवी कामठी काढायचे, आधीच्यापेक्षा चार बोटं लांब.

खाडीकाठ
हे घेतलं. ‘धनुष्य नको म्हणू लागलं, तर ते तुमच्या ओढीला आखूड आहे.’ टिपणात असंच जाईल.

पाचपाखाडी
म्हणजे ओढ ठरली? मी अजून खेचवर आहे.

नेरुळकर
पाती मात्र तपासून घ्या. बाणाच्या टोकाच्या लोखंडालाही आमच्याकडे पातंच म्हणतात.