पाच महिन्यांचा गाडीप्रवास: झोपायची सोय हलकी कशी ठेवायची?

सांजवेळ:

नमस्कार. मी आणि माझा नवरा पाच महिन्यांसाठी गाडी घेऊन निघतोय. वाटेत वाळवंट आहे, साडेचार हजार मीटर उंचीच्या खिंडी आहेत आणि शेवटचा महिना दमट जंगलातला आहे. गाडी फोर बाय फोर आहे, पण लहान. टाक्या भरून, हत्यारं, सुटे भाग, कपडे, आम्ही दोघं असं सगळं घालून काट्यावर वजन केलं. कंपनीने दिलेल्या कमाल वजनाला ६५ किलो शिल्लक राहिले. त्यातले ४० पिण्याच्या पाण्याचे, म्हणजे अंथरूण-पांघरूण आणि वरचं छप्पर मिळून २५ किलोंत बसवायचं आहे.

मागची सीट पाडली की १६८ सेंमी सपाट जागा मिळते. नवऱ्याची उंची १८२. त्याच्या कमरेतल्या मणक्याची गादी सरकलेली आहे, त्यामुळे एक रात्र कडक जमिनीवर काढली की दुसऱ्या दिवशी त्याला स्टिअरिंगवर बसवत नाही. मला थंडी फार वाजते, पाय पहाटेपर्यंत गार राहतात. त्याला टपावरचा तंबू हवा आहे. मी आत प्लायवुडचा ओटा करायचा विचार करत होते. सुरुवात कुठून करावी?

खडीवाट:

ताई, सुरुवात अंगाखालच्या गादीपासून करा. तंबू, ओटा हे सगळं नंतर. बहुतेकजण उलट करतात. आधी छप्पर ठरवतात, मग जाड स्लीपिंग बॅग घेतात आणि उरलेल्या जागेत मिळेल ती चटई कोंबतात. मीही पहिल्या लांब प्रवासात तेच केलं होतं आणि सहा आठवडे रोज पहाटे तीनला जागा व्हायचो. बॅग उत्तम होती. पण अंगाखाली दबली की तिच्यातलं पीस चपटं होतं, त्यात हवा राहत नाही आणि हवा नाही तर ऊबही नाही. खालून येणारी थंडी फक्त गादीच अडवते.

गादीवर ‘आर-व्हॅल्यू’ लिहिलेली असते, ती बघा. आकडा जितका मोठा तितकी उष्णता कमी निसटते. २०१८ साली यासाठी एएसटीएम एफ३३४० हे मानक आलं. त्यात गादी ३५ अंशांचा तापलेला पाटा आणि ५ अंशांचा गार पाटा यांच्यामध्ये ठेवून मोजतात. त्याआधी प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीने मोजायची, म्हणून जुन्या गादीवरच्या आकड्याची नव्याशी तुलना करू नका. मुख्य सोय अशी की हे आकडे बेरजेत धरता येतात. घडीची साधी फोमची चटई साधारण ४०० ग्रॅमची, आर २ च्या आसपास. तिच्यावर आर ४ ची हवेची गादी टाकलीत तर ६ झाले. शिवाय फोम खाली असला की काट्याकुट्यांपासून वरची गादी वाचते आणि ती फुटलीच तरी रात्र निभते.

यजमानांसाठी हवा आणि फोम एकत्र असलेली, आपोआप फुगणारी, ८ ते १० सेंमी जाडीची गादी घ्या. ती दोन-तीन किलोंची असते, पण कमरेचा प्रश्न असेल तर हे वजन तुमच्या २५ किलोंतलं सगळ्यात सार्थकी लागलेलं वजन समजा. ती विकत घ्यायच्या आधी घरच्या जमिनीवर पूर्ण रात्र झोपून बघायला मिळाली तर फार बरं. कुशीवर वळल्यावर कंबर जमिनीला टेकता कामा नये.

आता टपाचं. टपावरचे तंबू साधारण ५० ते ७० किलोंचे. तुमच्या २५ मध्ये तो बसतच नाही, इथेच विषय संपतो. शिवाय टपावरच्या भाराचे दोन आकडे असतात. गाडी उभी असताना टप बरंच पेलतो, पण चालत्या गाडीसाठीची मर्यादा अनेक गाड्यांत ७५ किलोच्या आसपास किंवा त्याहून कमी असते आणि त्यात कॅरियरचंही वजन धरायचं असतं. इतकं वजन वर गेलं की कडेला कललेल्या रस्त्यावर गाडी लगेच कलंडेल असं वाटतं.

ओट्याचा हिशोब तुम्हीच करून बघा. १२ मिमी प्लायवुड चौरस मीटरला जवळपास ८ किलो भरतं. दोन मीटर लांब, सव्वा मीटर रुंद फळी म्हणजे २० किलो आणि अजून पाय, बिजागऱ्या, स्क्रू बाकीच आहेत.

पाणकळा:

टपावरचा तंबू मी चार वर्षं वापरला आणि मला तो आवडतोही. उंचावर, कोरडं, दोन मिनिटांत तयार. तरीही खडीवाट यांच्याशी सहमत. एक गोष्ट कुणी सांगत नाही: तंबू गाडीलाच जोडलेला असतो. जरा पुढे जाऊन पाणी आणायचं झालं तरी पूर्ण बिछाना मिटावा लागतो. पावसात ओला मिटला आणि दोन दिवस उघडायला मिळाला नाही तर गादीच्या खालच्या बाजूला बुरशी धरते. माझ्या गादीवर काळे ठिपके आले, ते कधीच गेले नाहीत. दमट महिना शेवटी आहे म्हणालात, म्हणून लिहिलं.

सांजवेळ:

दोघांचेही आभार. टपाचा विषय आम्ही संपवला, नवराही समजला. आता स्लीपिंग बॅगचं सांगा. वाळवंटात दिवसा होरपळ, खिंडीत गोठवणारी थंडी, जंगलात घाम. एकच बॅग कशी पुरणार?

खडीवाट:

एक पुरत नाही. दोन पातळ घ्या. आत पिसांची हलकी बॅग, वर सिंथेटिक भरणाचं पातळ पांघरूण. थंडीत दोन्ही, जंगलात फक्त वरचं. याचं आणखी एक कारण आहे. रात्रभर अंगातून निघणारी वाफ थंड बाहेरच्या थरात जाऊन पाणी होते. तो थर सिंथेटिक असला तर ओल त्यात अडकते आणि पिसं कोरडी राहतात. पीस ओलं झालं की त्याचा फुगारा जातो आणि मग ती बॅग म्हणजे नुसती कापडाची पिशवी उरते. एका रात्रीत हे कळत नाही, दहाव्या-बाराव्या रात्री कळतं. म्हणून सकाळी निघायची कितीही घाई असली तरी बॅग अर्धा तास उन्हात उलटी टाका. मुक्कामावर पोचल्याबरोबर ती पिशवीतून बाहेर काढून झटका, झोपेपर्यंत फुलते.

तापमानाच्या आकड्यांत फसू नका. आयएसओ २३५३७ या मानकानुसार बॅगवर ‘कम्फर्ट’, ‘लिमिट’ आणि ‘एक्स्ट्रीम’ असे तीन आकडे असतात. पहिला प्रमाण स्त्रीसाठी, दुसरा प्रमाण पुरुषासाठी. तिसरा म्हणजे जीव वाचण्याची मर्यादा, त्याचा झोपेशी संबंध नाही. जाहिरातीत ठळक अक्षरांत बहुधा दुसरा किंवा तिसराच असतो. तुम्हाला थंडी वाजते, तर पहिलाच बघा आणि त्यातही पाच अंशांचं अंतर ठेवा.

आणि खिंडीत मुक्काम करूच नका. हजार मीटर उतरलात की हवा साधारण साडेसहा अंशांनी उबदार होते, डोकंही दुखत नाही. पाव किलो जास्त पिसांपेक्षा तासभराची उतरण चांगली.

एकटाचाके:

मी एकटा गाडीच्या आतच झोपतो. ताईंच्या १६८ सेंमीवर उपाय आहे. पुढच्या सीट पूर्ण पुढे सरकवा, पाठी पुढे झुकवा आणि मधल्या खोलगटात सामानाची पेटी किंवा कपड्यांची घट्ट पिशवी बसवा. १५ ते २० सेंमी सहज मिळतात. रोजची सोय म्हणून नको, पण वादळात किंवा जमिनीवर तंबू ठोकायला जागा नसेल तेव्हा हे हवंच. गाडी उताराला असेल तर डोकं चढाकडे.

आत झोपताना समोरासमोरच्या दोन काचा दोन बोटं उघड्या ठेवा, नाहीतर सकाळी काचांवरून पाणी ओघळतं आणि अंथरूण ओलं होतं. स्टोव्ह, शेगडी आत कधीही पेटवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपलेल्याला कळतच नाही. हे वाचून कुणी ‘माहीत आहे’ म्हणेल, तरी मी प्रत्येक वेळी लिहितो.

हवेच्या गादीबद्दल माझा एक धडा. दोन रात्री एकाच जागी होतो, म्हणून गादी फुगलेलीच ठेवली आणि तशीच मागे टाकून घाट चढलो. ४,००० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साठ टक्क्यांवर येतो, वर गाडीत ऊन. आतले जोड सुटले आणि मधोमध मोठा टेंगूळ आला. त्यावर झोपणं अशक्य. तेव्हापासून निघताना व्हॉल्व उघडून ठेवतो. उलटही होतं: संध्याकाळच्या उकाड्यात घट्ट भरलेली गादी पहाटे मऊ पडते. ते पंक्चर नसतं, आतली हवा गार होऊन आकसलेली असते. झोपायच्या आधी परत दोन फुंका मारा.

सांजवेळ:

पंधरा दिवसांनी लिहितेय. माळावर तीन रात्री काढल्या, शेवटच्या पहाटे पारा ३ अंशांवर होता.

पहिल्या रात्री नवऱ्याची गादी जास्त फुगवली होती, तो सकाळी कंबर धरून बसला. दुसऱ्या रात्री हवा सोडत सोडत कुशीवर नितंब बुडेल आणि जमिनीला टेकणार नाही इथपर्यंत आणली. तिसऱ्या दिवशी त्याने सलग सहा तास गाडी चालवली आणि मध्ये एकदाच उतरला. मला हे पाहून किती बरं वाटलं ते सांगता येत नाही.

माझ्या गादीखाली फोमची चटई घातली आणि पाय गरम राहिले. कोरडे मोजे फक्त झोपण्यासाठी बाजूला ठेवले, त्याचाही उपयोग झाला असावा. दोन गाद्यांची उंची वेगळी आहे, मधे फट पडते. आम्ही त्या जोडायचा नाद सोडला.

काट्यावरचे आकडे: त्याची गादी २.६ किलो, माझी ०.६, फोमच्या दोन चटया ०.८४, दोन बॅगा १.८, वरची दोन पांघरुणं १.४, जमिनीवर लावायचा, खुंट्यांशिवाय स्वतः उभा राहणारा तंबू ३.९, त्याखालचं कापड ०.४, बॅगांच्या आतली दोन अस्तरं ०.३, पंप ०.२, पॅच आणि डिंक ०.१. एकूण १२ किलो १४० ग्रॅम. वाळवंटासाठी दहा लिटरचा आणखी एक कॅन घेतला, तो पुढच्या सीटच्या मागे खाली बसवलाय.