माळढोक फांदीवर बसवणाऱ्यांनो, जरा थांबा

कोरडवाहू
काल एका ग्रुपवर पोस्ट फिरली. "सोलापूरकरांना शेजारच्या माळरानाशी जोडायचं तर कलेशिवाय पर्याय नाही. नान्नजच्या बाजूला एका गावात आम्ही मुलांकडून भिंत रंगवून घेतली, पथनाट्य केलं, शहरातनं माणसं आणली." खाली साठ-सत्तर अंगठे. मी अंगठा दिला नाही, म्हणून इथं लांबण लावतोय.

ती भिंत मी गाडी थांबवून बघितली. लिंबाच्या फांदीवर माळढोक बसलाय! पाय तांबडेलाल. अहो, माळढोकाला मागचं बोटच नसतं. तिन्ही बोटं पुढं, फांदी धरणार कशानं? जन्मभर जमिनीवर चालणारा आणि उघड्या माळावर एकच अंडं घालणारा पक्षी तो. माळाचं दुखणंही नेमकं हेच आहे. गवत दिसलं की लोकांना पडीक वाटतं, मग लाव तिथं गिरिपुष्पाच्या रांगा. आता चित्रातसुद्धा झाड लावलं.

कला माळावर पहिल्यापासनं आहे. धनगरांचं सुंबरान म्हणजे ओव्या, ढोल, गजी नाच. ते बघायला कोण गेलं नाही कधी. आपण शहरातनं रंगाचे डबे घेऊन जायचं आणि त्यांना त्यांचाच माळ शिकवायचा?

भिंतवाली
ती पोस्ट माझीच. नाव घेऊन बोलला असता तरी चाललं असतं.

माझी आई सोलापूरच्या पूर्व भागात, तेलुगू वस्तीत, चाळीस वर्षं विड्या वळते. तुळजापूरला दरवर्षी, तिरुपतीला दोनदा जाऊन आली. नान्नज वीस-बावीस किलोमीटर, तिथं कधीच नाही. जायचं कशाला, देऊळ ना नातेवाईक. त्या दिवशी टेम्पोत बसून आली ती माझं नाटक बघायला. नाटक अर्ध्यात सोडून गवतात जाऊन बसली आणि तेलुगूत विचारलं, "हे सगळं कुणाचं?" मला उत्तर देता आलं नाही. तुमचं सुंबरान ऐकायला ती आपणहून आली असती का? सांगा.

मोहोळचा
कुणाचं ते मी सांगतो. १९७९ला नान्नजचं माळढोक अभयारण्य झालं, क्षेत्र ८,४९६ चौरस किलोमीटर. त्यात आमचं रान, आमचं घर, सगळं आलं. पुढं कापून १,२२२ वर आणलं, पण मधल्या वर्षांत आमचं काय झालं ते कुणी भिंतीवर काढत नाही. बहिणीच्या लग्नाला दीड एकर विकायचा होता, अभयारण्यामुळं व्यवहार अडकला तो अडकलाच. सावकाराकडनं पैसे उचलले. वडलांपुढं माळढोकाचं नाव काढलं की ताट सरकवायचे. आधी त्यांना जोडा, मग पूर्व भागाला जोडा.

शेंगाचटणी
नाटक राहू द्या. टेम्पोवाल्यांनी हुरडा खाल्ला का? हल्ली पाचशे रुपये घेऊन सुरती ज्वारीचा हुरडा देतात, वर शेव टाकून, आणि शेजारी डीजे. आगटीवर गवरीचा धूर नाही, तळहातावर कणीस चोळणं नाही, प्लेटीत आयता. ही कसली संस्कृती? हुरड्याची गूळभेंडी ज्वारी पेरणारा माणूस दाखवा, मी त्याच्या पाया पडतो.

मोहोळचा
आमच्यात मालदांडीचाच खायचे.

शेंगाचटणी
मालदांडीचा हुरडा? का बे, दात घरी ठेवून जायचे का? मालदांडी भाकरीची ज्वारी.

मोहोळचा
बे-बे करू नका. मालदांडीचा ३५-१ वाण आमच्याच मोहोळच्या ज्वारी संशोधन केंद्रात निवडलेला आहे. वडील कवळं कणीस बघून भाजायचे, लुसलुशीत लागायचं.

गड्ड्याचा पोरगा
मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ला भौगोलिक मानांकन मिळालंय. तिचा हुरडा खाऊन या, मग दोघं बोला.

शेंगाचटणी
मानांकन ज्वारीला आहे, हुरड्याला नाही. आणि मोहोळकर, तुमच्या रानात आता काय आहे? खरं सांगा.

मोहोळचा
ऊस.

शेंगाचटणी
झालं तर मग! ऊसवाल्यानं हुरडा शिकवू नये.

मोहोळचा
ज्वारीचा भाव तू देतोस का? काढणीला मजूर तू आणतोस का? चादरीवर बसून शेंगाचटणी चाटणाऱ्यानं आमच्या रानात काय पेरावं ते सांगू नये. एवढीच जीभ वळवळत असेल तर काढणीला ये, विळा देतो.

गड्ड्याचा पोरगा
दोघंही थंड घ्या. कोरडवाहू, तुमचंही पटलं नाही. सोलापुरात संक्रांतीला सिद्धेश्वराचे सात नंदीध्वज निघतात, अडुसष्ट लिंगांना प्रदक्षिणा होते. अख्खं गाव पायी चालतं. कुणी शिकवलं? सवय लागली म्हणून चालतात. माळाचीही कुणीतरी सवय लावली पाहिजे. चित्र चुकलं तर चुकलं.

कोरडवाहू
चुकलं तर चुकलं कसं? पोरं तेच खरं धरणार. खरा पक्षी दाखवायची सोय आता राहिलेली नाही, मग भिंतच त्यांचा माळढोक. मी शेवटचा बघितला त्याला किती वर्षं झाली.

भिंतवाली
पुढचं सांगणार नव्हते, पण सांगते. भिंत झाल्यावर दुसऱ्या दिवशी एक धनगर आजोबा मेंढरं थांबवून हसायला लागले. काठीनं फांदी दाखवून म्हणाले, "हा काय कावळा हाय व्हय?" पोरांनी त्यांना धरून बसवलं. आजोबांनी मान मागं टाकून, गळा फुगवून नराचं घुमणं काढून दाखवलं. एकदम खोल, घागरीत तोंड घालून बोलल्यासारखं. पोरं आठवडाभर वर्गात तेच करतायत, मास्तर वैतागलेत. चित्र बरोबर असतं तर आजोबा थांबले असते का?

कोरडवाहू
म्हणजे चुकीचं काढलं हे तुमचं कौशल्य. वा.

बरं, पथनाट्यवाल्यांना मानधन दिलं असेल. आजोबांना काय दिलं?

भिंतवाली
चहा.

कोरडवाहू
मग लिहू काय पुढं?

एवढंच सांगतो. पावसाळ्यात ढोल घेऊन गवतात शिरू नका, अंड्यांचे दिवस असतात ते. माळढोक नसला तरी टिटवी, धाविक, चंडोल आहेतच की जमिनीवर. भिंतीपाशी काय वाजवायचं ते वाजवा. आणि झाड खोडताना आजोबांना बोलवा, रोजगार देऊन.

भिंतवाली
देऊ. पाय पिवळट करायचे ना?

कोरडवाहू
पिवळट. डोक्यावर काळी टोपी. मी येतो बघायला, रंगवायला नाही.

मोहोळचा
वडलांना विचारलं, येता का भिंत बघायला. ताट सरकवलं नाही, पण उत्तरही दिलं नाही.

शेंगाचटणी
माझ्याकडं पांढऱ्या रंगाचा अर्धा डबा पडून आहे, घेऊन जा. मालदांडीचा हुरडा मात्र खोटा.