अनुभव धागा : राणीच्या राज्यातले हौशी गुप्तहेर

पाऊस लागला की मला धुकं, घोडागाडी आणि दिवाणखान्यात पडलेलं प्रेत असलेली पुस्तकं लागतात. काळ व्हिक्टोरिया राणीचा, आणि तपास करणारा माणूस पोलीस नको. डॉक्टर चालेल, विधवा चालेल, नुसती भोचक बाई असेल तर उत्तमच. या प्रकाराशी तुमची गाठ कशी पडली, काय आवडलं, काय खटकलं, ते लिहा. अट एकच, खुनी कोण ते सांगायचं नाही.

आधी माझं. कॉलेजात असताना 'द मूनस्टोन' (१८६८) वाचली. यॉर्कशायरमधल्या मुलीला वाढदिवसाला हिरा मिळतो आणि त्याच रात्री नाहीसा होतो. लंडनहून सार्जंट कफ येतो. त्याला गुन्हेगारांइतकेच गुलाब प्रिय. पण गाठ सुटते ती बरीचशी घरच्या आणि ओळखीच्या माणसांकडून. तेव्हा मी रहस्यासाठी वाचली. पंचेचाळिशीत परत वाचताना लक्षात आलं, की हिरा १७९९ मध्ये श्रीरंगपट्टणच्या लुटीत एका इंग्रज अधिकाऱ्याने खून करून पळवलेला आहे आणि हे सुरुवातीलाच सांगून टाकलंय. पहिला चोर हातात देऊन लेखक आपल्याला शेकडो पानं दुसऱ्या चोरामागे पळवतो! त्या घराभोवती घुटमळणारे तीन ब्राह्मण आधी मला भीतिदायक वाटले होते. दुसऱ्या वेळी वाटलं, बिचारे आपलीच वस्तू न्यायला आलेत.

* * *

माझं औषधांचं दुकान आहे, सांगलीकडे. या कादंबऱ्यांत कुणी चहाचा कप खाली ठेवून पोट धरलं की मी मनात म्हणतो, आर्सेनिक. तेव्हा ते उंदरांसाठी वाण्याकडेही मिळायचं. १८५१ च्या कायद्याने विकणाऱ्याला वही ठेवावी लागली. कोणी घेतलं, किती, कशासाठी, वर सही. पांढरी पूड साखर समजून पोटात जाऊ नये म्हणून किरकोळ विक्रीच्या मालात काजळी किंवा नीळ मिसळायची सक्ती होती. आमच्याकडे शेड्यूल एच-वनचं, म्हणजे ठरावीक औषधांच्या विक्रीच्या नोंदीचं, रजिस्टर असतं, त्यामुळे अशी वही कथेत निघाली की मला घरच्यासारखं वाटतं. पण लेखक एक गोष्ट विसरतात, माशा मारायच्या कागदातही आर्सेनिक असायचं. नवऱ्याला विष घातल्याच्या आरोपावरून बाईवर चाललेल्या लिव्हरपूलच्या मेब्रिक खटल्यात (१८८९) बशीत भिजत घातलेल्या त्याच कागदांवरून किती रण माजलं! खुन्याला दुकानात जायची गरजच नाही. बायको म्हणते, हे सगळं तुम्ही जेवताना सांगू नका.

* * *

मला हौशी गुप्तहेर का लागतो ते एका खऱ्या खटल्यामुळे कळलं. खरा आहे म्हणून अट मोडते. १८६०, इंग्लंडमधलं रोड हिल हाउस नावाचं घर. जेमतेम चार वर्षांचा मुलगा रात्री घरातून नाहीसा झाला आणि बाहेरच्या संडासात मृत सापडला. स्कॉटलंड यार्डच्या, म्हणजे लंडन पोलिसांच्या, व्हिचर नावाच्या गुप्तहेराने धुण्याची यादी पाहिली. सोळा वर्षांच्या सावत्र बहिणीचा एक नाइटगाऊन कमी होता. त्याने तिच्यावर बोट ठेवलं, तर लोक त्याच्यावरच उलटले. सभ्य घरातल्या मुलीचे कपडे मोजणारा हा कोण टिकोजी? पाच वर्षांनी तिने स्वतः कबुली दिली. तोवर त्याची नाचक्की होऊन गेली होती.

आता बघा, धुण्याची यादी वाचायला पोलीस कशाला हवा? घरातल्या बाईला एका नजरेत कळलं असतं. माझी आजी दोरीवरच्या कपड्यांवरून वाड्यातल्या कुणाकडे पाहुणे आलेत ते सांगायची. म्हणून कादंबरीतली ती मोलकरणींशी बोलणारी, स्वयंपाकघरातून आत शिरणारी बाई मला पटते. आणि ही काही आजची फॅशन नाही. बायका गुप्तहेर असलेल्या कथा इंग्रजीत १८६४ मध्येच निघाल्या होत्या. तेव्हा तिथल्या पोलिसांत एकही बाई नव्हती.

* * *

तालुक्याच्या वाचनालयातून आणलेल्या प्रतीवर कुणीतरी पहिल्याच पानावर पेन्सिलीने लिहिलं होतं, 'माळी नाही.' अख्खं पुस्तक मी माळ्यावर संशय न घेता वाचलं. त्या गृहस्थांचे आभार मानू की शिव्या देऊ, अजून ठरलेलं नाही.

* * *

मी पोलीस खात्यातून निवृत्त. ठशांबद्दल बोलतो, कारण तिथे हमखास घोळ असतो. १८८० चं लंडन, आणि इन्स्पेक्टर पेल्यावरचे ठसे जुळवतोय! अहो, ठशांचं पहिलं कार्यालय १८९७ मध्ये कलकत्त्यात निघालं. वर्गीकरणाचं किचकट काम अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस यांनी केलं, नाव मात्र साहेबाचं लागलं, हेन्री पद्धत. स्कॉटलंड यार्डात ती आली १९०१ च्या जुलैत, म्हणजे राणी जानेवारीत वारल्यावर. हौशी माणसाने हौसेने ठसे जमवले तर हरकत नाही, तेवढी सूट देतो.

बाकी पोलिसांना बावळट दाखवतात त्याचा राग येत नाही. १८४२ मध्ये अख्ख्या यार्डाचे गुप्तहेर होते आठ. १८७७ मध्ये त्यांच्यातल्याच बड्या अधिकाऱ्यांना लाचखोरीत शिक्षा झाली, मग सीआयडी आली. लोक खाजगी माणसाकडे जाणारच.

* * *

लंडनला मुलाकडे गेले होते. शेरलॉक होम्सचं घर, २२१ब, शोधत बेकर स्ट्रीटवर भटकले. होम्सच्या काळात त्या रस्त्यावर एवढ्या क्रमांकाचं घरच नव्हतं, हे तिथे कळलं. होम्सच्या संग्रहालयाबाहेरची रांग पाहून मी परत फिरले आणि भुयारी स्टेशनात बाकावर बसून राहिले. ते १८६३ पासूनचं, खरंखुरं. मला तेच पुरलं.

* * *

होम्सचा जोडीदार डॉक्टर वॉटसन अफगाण युद्धाला जाताना मुंबईला उतरला होता, हे किती जणांच्या लक्षात आहे? पहिल्याच पानावर आहे! बंदरात कळतं, पलटण पुढे निघून गेली. बस्स, एका वाक्यात मुंबई संपली.

* * *

वरच्यांना उत्तर. मुंबई संपली नाही. २५ एप्रिल १८९१ ला राजाबाई टॉवरवरून दोन पारशी तरुणी पडून मेल्या. एक अर्देशीर गोदरेज यांची पत्नी. त्यांचा कुलपांचा कारखाना निघाला नंतर, १८९७ मध्ये. खटला झाला, उलगडा नाही. त्यावर 'मर्डर इन ओल्ड बॉम्बे' (२०२०) ही कादंबरी आहे, नायक आई हिंदुस्थानी, बाप इंग्रज असा माजी लष्करी अधिकारी, होम्सचा भक्त. मी रोज फोर्टात त्याच टॉवरखालून जायचो. वाचून झाल्यावर दुसऱ्या दिवशी मान वर करून उभा राहिलो, मागून एकाने विचारलं, 'काय बघताय?' मी म्हटलं, घड्याळ.

* * *

पुण्याची आहे. लंडनमधल्या राणीच्या हीरक महोत्सवाच्या गर्दीत खून, असं कथानक वाचत होते. रोषणाई, बँड, मिरवणूक. तारीख आली २२ जून १८९७ आणि मी पुस्तक मिटलं. त्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर काय झालं ते आमच्याकडे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. त्या बिचाऱ्या गुप्तहेर बाईंचा खुनी कोण निघाला, ते मी अजून वाचलेलं नाही.