एल निनो आला म्हणजे दुष्काळ?

एल निनो म्हणजे विषुववृत्ताजवळ प्रशांत महासागराचं पाणी नेहमीपेक्षा जास्त तापणं. एकांनी लिहिलंय, ‘एल निनो म्हणजे आपल्याकडे दुष्काळ ठरलेला.’ तसं असतं तर १९९७ कुठे बसवायचं? विसाव्या शतकातला सर्वांत दणकट म्हणावा असा एल निनो आणि देशात पाऊस सरासरीच्या १०२ टक्के. उलट २००२ चा एल निनो मध्यमच होता, तरी पाऊस ८१ टक्क्यांवर आला.

१९९७ ला मदतीला आला हिंदी महासागर. सुमात्राच्या किनाऱ्यावर आग्नेयेचे वारे जोर धरतात तेव्हा वरचं ऊबदार पाणी पश्चिमेकडे ढकललं जातं आणि खालचं गार पाणी वर येतं. आफ्रिकेकडची बाजू तापते आणि आपल्या पावसाला बळ मिळतं. यालाच धन (पॉझिटिव्ह) इंडियन ओशन डायपोल म्हणतात. १९९९ पर्यंत त्याला नावही नव्हतं.

पण डायपोल धन आला म्हणजे सगळं झकास, असंही नाही हं. २०१९ आठवा. जूनमध्ये तूट, हंगामाअखेर ११० टक्के, मान्सूनच्या परतीला सुरुवातच ९ ऑक्टोबरला. त्यातच अरबी समुद्रात लागोपाठ ‘क्यार’ आणि ‘महा’ ही चक्रीवादळं. आमची सोयाबीनची गंजी ताडपत्रीखालीच होती. दिवाळीनंतर ताडपत्री उचलली तर आतून उबट वास आला आणि शेंगांतून पांढरे कोंब बाहेर. कागदावर मात्र ते ‘उत्तम पावसाचं वर्ष’! तेव्हा नुसत्या प्रशांत महासागराकडे बघून पेरणी ठरवू नका, एवढंच.