शाळेत परसबाग करायचीय, काय लावू?

पाटीपेन्सिल
नमस्कार मंडळी. आमची झेडपीची दोनशिक्षकी शाळा, पहिली ते चौथी मिळून ३१ पोरं. मागच्या अंगाला गुंठाभर जागा पडून आहे, हात धुवायच्या नळाचं पाणी तिकडंच वाहून जातं. खिचडीतली भाजी पोरं वेचून ताटाच्या कडेला ठेवतात, बघून जीव तुटतो. पोषण आहारात रोज पोरामागे ५० ग्रॅम भाजी ठरलेली आहे पण ती पोटात जायला पाहिजे ना. जूनमध्ये मेथी टाकली ती पावसात सडली. आता काय लावू, आणि मे च्या सुट्टीत तुम्ही लोक काय करता?

बांधावरचा
सर, मेथी-पालक जूनमध्ये नकोच, गणपती झाले की टाका. आणि वाफे वीतभर उंच करा, गादीवाफे, म्हणजे पाणी साचत नाही. पावसाळ्यात दोडका, कारली, घेवडा कुंपणावर चढवायचा. बी गावातल्या म्हाताऱ्यांकडं मागा, हायब्रीडचं बी धरून पुढच्या वर्षी तसंच पीक येत नाही, गावरान दोडक्याचं एक फळ वेलावर वाळू दिलं की झालं. अकोले तालुक्यातल्या राहीबाई पोपेरेंनी असंच गावरान बी जपत बियाणे बँक उभी केली, २०२० ला पद्मश्री जाहीर झाली त्यांना. पोरांना सांगा हे.

मुळ्याची_शेंग
सर मी पण शिक्षिका आहे. पहिल्या वर्षी सगळं मीच केलं, पोरं नुसती बघायची, भाजी तशीच ताटात राहायची. मग चार-चार पोरांना एकेक वाफा वाटून दिला, पेरणी-पाणी-खुरपणी त्यांचीच, आणि आधी मुळा लावला कारण तो महिन्याभरात उपटता येतो, पोरांना जास्त धीर नसतो. तिसरीतला एकजण पाला तोंडात घालायचा नाही, तोच मूठभर मुळ्याचा पाला घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभा, "काकू, हा आमच्या वाफ्यातला, आजच टाका". त्या दिवशी ताटं साफ. पण सर, स्वयंपाकाच्या काकूंना आधी विचारा हं, निवडायचं-चिरायचं काम त्यांच्यावरच वाढतं, त्या नाराज असतील तर बाग टिकत नाही.

अळूचं_पान
मे साठी कायमची झाडं लावा, शेवगा, कढीपत्ता. शेवग्याची फांदी खोचली तरी जगते, पाला डाळीत जातो. नळाजवळ अळू, साबणाचं पाणी पालेभाजीला सोडू नका. लहान रोपांजवळ मातीचं मडकं गळ्यापर्यंत पुरून भरून ठेवायचं, पाणी हळूहळू झिरपतं, शेजारची पोरं दोन-तीन दिवसांनी भरतात. शेळ्यांसाठी बाभळीच्या काट्या लावा, नाहीतर एका दुपारी सगळं साफ.

पाटीपेन्सिल
ताई, काकूंशी आजच बोललो, त्या म्हणाल्या चवळी पण लावा, बी मी घरून आणते. शनिवारी पोरांना घेऊन वाफे करतो, चौथीवाले टेपने मापं घेणार. शिरूरकडं कुणाकडे शेवग्याची जाड फांदी मिळेल का? मी येऊन घेऊन जाईन.